गाठ शिरेला चिकटली, म्हणजे सारं संपलं का?

घरात कुणाचे डोळे पिवळे झाले, की आपण काविळीचा झाडपाला शोधू लागतो. पण पोट न दुखता कावीळ झाली, अंगाला खाज सुटली, वजन उतरू लागलं, तर आधी सोनोग्राफी करून घ्या. स्वादुपिंडाचा कॅन्सर पुष्कळदा असाच उघडकीला येतो. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर २०१९ साली याच दुखण्यानं गेले.

स्वादुपिंड जठरामागे असतं. त्याला लागूनच आतड्यांतलं रक्त यकृताकडे नेणारी मोठी शीर, म्हणजे नीला, जाते. गाठ तिला चिकटली, की पूर्वी बहुतेक सर्जन हात टेकत. आता शिरेचा तेवढा तुकडा काढून टोकं शिवता येतात, किंवा मध्ये दुसरी शीर जोडता येते. बऱ्याचदा त्याआधी काही महिने केमोथेरपी देतात. मात्र गाठीनं धमनीला वेढलं असेल, तर काम फार अवघड. यकृतात पसरली असेल, तर ऑपरेशनचा सहसा उपयोग नाही.

म्हणून डॉक्टरांना न संकोचता विचारा: गाठ नीलेला चिकटलीय की धमनीला? अशी ऑपरेशनं तुमच्याकडे नेहमी होतात का? बोरीवलीहून परळचं टाटा हॉस्पिटल लोकलच्या अंतरावर आहे. १९४१ पासून तिथं कॅन्सरवर उपचार होतात. सारे रिपोर्ट नेऊन दुसरं मत घ्या.

ऑपरेशन मोठं, धोक्याचं; आजार उलटूही शकतो. नंतर थोडं थोडं, वारंवार खायला द्यावं लागतं, पचनाच्या गोळ्याही लागतात. ते आपण सांभाळू. पण नीट विचारल्याशिवाय आशा सोडू नका.