स्पिलव्हिलचा तांबडा पक्षी

न्यूयॉर्कच्या राष्ट्रीय संगीत विद्यालयाच्या संचालकपदावर १८९२ साली रुजू झालेला बोहेमियाचा संगीतकार आंतोनिन द्वोर्झाक पुढल्या उन्हाळ्यात आयोवा प्रांतातील स्पिलव्हिल या चेक वसाहतीत सहकुटुंब मुक्कामास आला, आणि तेथे स्वभाषा व विहगांचे कूजन एकाच वेळी कानी पडू लागताच त्याची प्रतिभा अशी मोकळी झाली की, ‘अमेरिकन’ या नावाने पुढे विख्यात झालेल्या तंतुवाद्य-चतुष्काचा कच्चा खर्डा अवघ्या तीन दिवसांत (८ ते १० जून १८९३) सिद्ध झाला. तिसऱ्या भागात व्हायोलिनच्या उच्च स्वरांत येणारी लकेर काळ्या पंखांच्या एका तांबड्या पक्ष्याची, असे सांगतात; बीथोव्हेनच्या संगीतातील कोकिळेच्या सादेहून ती आम्हांस अधिक चतुर वाटते. पहिले वादन गावच्या शाळामास्तर कोवार्झिकांच्या कुटुंबीयांसह खाजगीच झाले, त्यात पहिले व्हायोलिन खुद्द द्वोर्झाकचे. जाहीर प्रयोग बॉस्टन येथे १ जानेवारी १८९४ रोजी क्नाइझेल या वादक-चतुष्काने केला.