बाळ गेलं, पण कशानं?

"आठव्यातलं होतं, कसं जगणार?"

आमच्या नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात कमी दिवसांचं बाळ गेलं की भेटायला आलेल्या बायका हे हमखास म्हणतात. सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही, हा समज अजून किती घट्ट आहे! वैद्यकशास्त्र नेमकं उलट सांगतं. पोटात दिवस जितके जास्त, तितकी जगण्याची आशा जास्त. पण या समजुतीनं एक सोय होते, पुढचं कुणी काही विचारत नाही. मग दोष राहतो सटवाईच्या लिहिण्याला, नाहीतर सुनेनं ग्रहणात भाजी चिरली त्याला.

बचत गटाच्या कामासाठी मी पारनेर, श्रीगोंद्याकडच्या गावांतून फिरते. एका घरी सुनेची दोन बाळं अशीच गेलेली, आता तिसऱ्यांदा दिवस गेलेले. "आधीची कशानं गेली?" मी विचारलं. "कमी दिवसांची होती ना ताई," सासूबाई म्हणाल्या. सून खाली बघत बसली. दवाखान्याच्या कागदावरही तेवढंच लिहिलेलं!

मैत्रिणींनो, 'कमी दिवसांचं' हे अर्धंच कारण झालं. फुप्फुसं तयार नव्हती, की जंतुसंसर्ग झाला, की पोटात असतानाच प्राणवायू कमी पडला? फुप्फुसांसाठी वेळेआधी कळा सुरू झाल्यावर आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देता येतात. संसर्गाचा इलाज वेगळा, आईच्या वाढलेल्या रक्तदाबाचा वेगळा. कारण कळलंच नाही, तर पुढच्या खेपेला डॉक्टर तरी काय करणार?

नक्की कारण शोधायचा जुना मार्ग म्हणजे शवविच्छेदन. पण पोस्टमॉर्टेम म्हटलं की आपल्याला पोलीसच आठवतात. संशयास्पद मृत्यूचं ते वेगळं, आजार शोधण्यासाठीचं वेगळं. हे दुसरं आईबापांच्या संमतीनंच होतं. जे बाळ आईनं नीट मांडीवरही घेतलं नाही, त्याची चिरफाड कोण करू देईल? नकार देणाऱ्यांना मी तरी नावं ठेवणार नाही.

आता मात्र सुईनं अवयवांचे बारीकसे नमुने घेऊन तपासता येतात. शेजारच्या कर्नाटकात दावणगेरे इथं आणि पाकिस्तानात कराचीत २०१८ ते २०२० या काळात कमी दिवसांच्या मृत बाळांचा असा अभ्यास झाला. बऱ्याच बाळांना पोटातच प्राणवायू कमी पडल्याचं त्यात दिसलं. आणि वार! ती आपण पुरून टाकतो. पण वार प्रयोगशाळेत तपासली तर संसर्ग होता का, रक्तपुरवठा कमी होता का, हे कळू शकतं. बाळाला हातही लावावा लागत नाही. बाळंतपणाआधीच डॉक्टरांना सांगून ठेवलं तर बरं.

तिसरा मार्ग नुसत्या बोलण्याचा. घरच्यांना लक्षणं एकेक करून विचारायची आणि त्यावरून डॉक्टरांनी कारण ठरवायचं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं बाळांच्या मृत्यूचा असा गावोगाव छडा लावला. २००५ मध्ये त्यांनी मांडलं, की कमी दिवसांची वा कमी वजनाची बाळं बहुधा तेवढ्यानंच दगावत नाहीत, जोडीला जंतुसंसर्गासारखं दुसरं काही असतं. म्हणजे त्यातली कितीतरी वाचवता येतात! त्याआधीच ३९ गावांतल्या बायकांना त्यांनी बाळाला ऊब द्यायला, वजन करायला, संसर्ग ओळखून इंजेक्शन द्यायला शिकवलं होतं. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हे छापून आलं, तेव्हा जगानं दखल घेतली. आज बाळंतपणानंतर आशाताई घरी येतात, त्याचं मूळ तिथंच आहे.

बाळ दगावलं तर त्याची कारणं शोधायची म्हणूनही सरकारी पद्धत आहे. चौकशीला माणूस येतो, कागद भरतो. आपल्याकडे तेव्हा दीर पुढे होतो, नाहीतर सासू, आणि ओली बाळंतीण आतल्या खोलीत. तिला बाहेर बोलवा, नाहीतर त्यांना आत न्या. बाळानं दूध केव्हा सोडलं, अंग केव्हा गार पडलं, श्वास कसा चालला होता, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार?