सायकलचा लांब पल्ला आणि थकवा

लोहारा एमआयडीसीत पाळीवर येणारे कामगार, दारव्हा रोडने यवतमाळला शिकायला जाणारी मुले, दूधवाले, अशा अनेकांचा दिवस आजही सायकलवरच सुरू होतो. जाऊन-येऊन वीस किलोमीटर पडले, की संध्याकाळी हातपाय गळतात आणि मग टॉनिकची मागणी होते. टॉनिकची बाटली घेण्याआधी आपल्या सायकलकडे एकदा नीट पाहावे.

सर्वांत जास्त दमवते ती सीटची उंची. पाय जमिनीला टेकावेत म्हणून बहुतेक जण सीट खाली ठेवतात. त्यामुळे गुडघा सतत दुमडलेला राहतो, मांड्या भरून येतात आणि गुडघे दुखतात. सीटवर बसून टाच खालच्या पायडलवर ठेवली असता पाय सरळ झाला पाहिजे. चालवताना पायडलवर चवडा ठेवला, की गुडघ्यात हलकासा बाक उरतो. तेवढीच उंची योग्य. मानव विकास कार्यक्रमातून मुलींना मिळणाऱ्या सायकलींचीही सीट अशी लावून घ्यावी, आणि मुलगी वाढेल तशी ती वरही करावी.

दुसरी गोष्ट हवेची. टायर अंगठ्याने सहज दबत असेल तर प्रत्येक किलोमीटरला जास्त जोर लागतो. आठवड्यातून एकदा हवा भरावी, चेनला तेल द्यावे.

नवी सायकल घेताना मुले जाड टायरच्या, शॉकअपवाल्या सायकलीवर भाळतात. डांबरी रस्त्यावर रोज जायचे असेल तर ती वजनाला जड पडते आणि तिचे खडबडीत टायर वेग खातात. साधी, मध्यम टायरची, मडगार्ड व कॅरिअर असलेली सायकल बरी. उभे राहिल्यावर दांडी आणि जांघ यांत दोन-तीन बोटे अंतर असावे. जुन्या काळ्या सायकलला बहुधा पुढे ४४ आणि मागे १८ दात असतात. पायडलच्या एका फेऱ्यात ती सुमारे साडेपाच मीटर जाते. सपाटीला हे ठीक, पण आपल्याकडच्या चढउताराला आणि समोरच्या वाऱ्याला जड. मागचे फ्रीव्हील २० किंवा २२ दातांचे बसवून घेतले तर चढ हलका होतो. खर्च फार नाही, पण हे कोणी सांगत नाही. गिअरची सायकल परवडत असेल तर चढ सुरू होण्याआधीच गिअर हलका करावा, पाय अडल्यावर नव्हे.

रिकाम्या पोटी, नुसता चहा घेऊन निघू नये. चून-भाकर, मूठभर शेंगदाणे किंवा केळे यांपैकी काहीतरी पोटात असावे. एप्रिल-मे महिन्यांत यवतमाळचा पारा चाळीसच्या वर राहतो, तेव्हा तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी प्यावे. घाम फार गेल्यास एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ (चहाचा चमचा) घालून घ्यावे. मधुमेह किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. चक्कर, मळमळ, डोके ठणकणे सुरू झाले तर सायकल तिथेच थांबवून सावली गाठावी. माणूस असंबद्ध बोलू लागला तर तो उष्माघात असू शकतो. ओल्या फडक्याने अंग पुसत, वारा घालत त्याला ताबडतोब दवाखान्यात न्यावे.

नव्याने सुरुवात करणाऱ्याला पहिले दोन-तीन आठवडे थकवा येणारच. स्नायूंना सवय व्हायला तेवढा वेळ लागतो. मात्र महिनाभरानंतरही झोप होऊन, जेवून-खाऊन थकवा जात नसेल तर रक्त तपासावे. पुरुषांत हिमोग्लोबिन १३ च्या खाली, स्त्रियांत १२ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय. अशा वेळी जेवणावर लगेच चहा पिण्याची आपली सवय नडते, कारण अन्नातले लोह त्यामुळे कमी शोषले जाते. पालेभाजीवर लिंबू पिळावे. वजन घटत असेल, खोकला दोन आठवड्यांवर गेला असेल, वारंवार लघवी लागत असेल तर क्षय व मधुमेहाची तपासणी टाळू नये.

विदर्भात सिकलसेलचे प्रमाणही दुर्लक्ष करण्यासारखे नाही. घरात कोणाला हा आजार असेल आणि मुलाला सायकल चालवल्यावर हाडे-सांधे दुखून येत असतील, तर आळशी म्हणून त्याला रागावू नका; आधी रक्ततपासणी करा. या रुग्णांना पाणी कमी पडणे आणि अतिश्रम दोन्ही बाधतात. सायकल बंदच करावी असे नाही, पण अंतर किती आणि वेग किती, हे डॉक्टरांना विचारून ठरवावे. छातीत दाबल्यासारखे वाटणे, दुखणे हातात किंवा जबड्यात उतरणे हा मात्र थकवा नव्हे. तेव्हा पुढचा एकही पायडल मारू नये, मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठावे.