लस आणि उंबरठा

आधुनिक प्रगतीने मानवी जीवन सुखी झाले काय, या प्रश्नाचे उत्तर देवीच्या रोगाचा इतिहास देतो. एडवर्ड जेन्नर यांनी १७९६ साली लस टोचण्याचा प्रयोग केला. १८०२ साली ती मुंबईत पोहोचली. तरीही १९७४ साली भारतात हजारो माणसे देवीने दगावली. विद्या होती; पण ती प्रत्येक झोपडीपर्यंत गेली नव्हती. आरोग्यसेवकांनी खेडोपाडी, दारोदार हिंडून रोगी शोधले, त्यांच्या सभोवतालच्यांना लस टोचली, तेव्हा कोठे १९७५ साली भारतातून देवी हटली. १९८० साली जग देवीमुक्त झाल्याचे घोषित झाले. शोध प्रयोगशाळेत लागतो. जीवन मात्र तो गरिबाचा उंबरठा ओलांडतो तेव्हाच सुधारते.