समोरचा डोंगर

मराठवाड्यातील कोणत्याही शाळेत मुलांना निसर्गचित्र काढावयास सांगितले, की बहुतेक कागदांवर दोन त्रिकोणी डोंगर उभे राहतात, त्यांच्यामधून सूर्य उगवतो आणि खाली नदी वाहू लागते. वस्तुतः या भागाचे डोंगर असे नाहीत. लातूरकडील बालाघाटच्या रांगा काळ्या बेसाल्टच्या. माथ्यावर सपाट आणि पायऱ्यापायऱ्यांनी उतरणाऱ्या. नांदेड जिल्ह्यात देगलूर-बिलोलीकडे गेले, की ग्रॅनाइटच्या गोलसर शिळा दिसू लागतात. माहूरचे डोंगर सागाच्या झाडीने वेढलेले. मग मुले पाठ केलेला डोंगर का काढतात? कारण समोरचा डोंगर काढणे हे महागाचे काम आहे.

ही महागाई केवळ रंग-कागदाची नव्हे. १८४१ साली जॉन रँड या अमेरिकी चित्रकाराने रंगासाठी धातूची नळी शोधून काढली आणि तैलरंग बाहेर नेणे सोपे झाले. ऊन, वारा आणि वेळ यांवर मात्र अद्याप तोड निघालेली नाही. चैत्र-वैशाखात जलरंगाचा हात कागदावर पसरण्यापूर्वीच वाळतो. पावसाळ्यात तो वाळतच नाही. वाऱ्याने फळा उलटतो. दीड-दोन तासांत सावल्या सरकतात आणि अर्धे चित्र सकाळचे, अर्धे दुपारचे होऊन बसते. म्हणून जाणता चित्रकार त्याच जागी, त्याच वेळी, पुन्हापुन्हा जातो. चित्रकारास पाणीही दुहेरी न्यावे लागते. एक पिण्याचे, एक कुंचल्याचे. २०१६ साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे ही गोष्ट किरकोळ म्हणता येणार नाही.

बाजार पैसे देतो ते पुऱ्या झालेल्या चित्राचे. फुकट गेलेले दिवस आणि फाडलेले कागद त्याच्या हिशेबात येत नाहीत. तो भार कोणी तरी उचलावा लागतो. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून कोल्हापुरास परतलेले आबालाल रहिमान कोटितीर्थाचा आणि पंचगंगेचा परिसर वर्षानुवर्षे रंगवीत राहिले. त्यांच्या साधनेस शाहू महाराजांच्या दरबाराचा आधार होता. १९२२ साली महाराज निवर्तले. १९३१ साली आबालालही गेले. व्रत चित्रकाराचे असते, परंतु ते निभावण्यास समाजाचा हातभार लागतो.

आज दरबार नाहीत. शाळा, बँका आणि कचेऱ्या आहेत. पण शासकीय चित्रकला परीक्षा वर्गाच्या चार भिंतींत होतात आणि त्यांतील श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात. साहजिकच शिक्षकाचा वेळ तयारीत जातो, टेकडीकडे जाण्यात नव्हे. कचेऱ्यांच्या भिंतींवर दिनदर्शिकेतील बर्फाच्छादित शिखरे टांगलेली असतात.

उपाय फार खर्चाचे नाहीत. शाळेने वर्षातून दोन सकाळी मुलांना गावाबाहेर न्यावे आणि तेथे काढलेल्या चित्रास, ते कितीही ओबडधोबड असो, मान द्यावा. प्रत्येक बँकेने, नगरपालिकेने दरवर्षी जिल्ह्यातील चित्रकाराचे एक निसर्गचित्र विकत घ्यावे. ज्या डोंगराकडे कोणी तासभर टक लावून पाहिले नाही, तो उद्या खडीसाठी फोडला गेला तर हळहळणार कोण? खदानीला विरोध करावयाचा, तर आपण काय गमावणार हे आधी डोळ्यांनी ओळखावे लागते. ती ओळख करून देण्यासाठीच कोणी तरी उन्हात बसलेले असते.