कन्फ्यूशसच्या विचारातील संगीत

प्राचीन चिनी तत्त्वज्ञ कन्फ्यूशस (इ. स. पू. ५५१–४७९) व त्याचे अनुयायी यांनी संगीताला निव्वळ करमणूक न मानता चारित्र्याच्या घडणीचे आणि राज्यव्यवस्थेचे साधन मानले. चिनी लिपीत ‘संगीत’ व ‘आनंद’ या दोन्ही शब्दांना एकच चिन्ह आहे. हा आनंद मर्यादशील असावा, असा कन्फ्यूशसचा आग्रह होता.

विधी, संगीत, धनुर्विद्या, सारथ्य, लेखन व गणित या सहा कला कुलीन युवकांच्या शिक्षणाचा पाया होत्या. त्यांपैकी विधी व संगीत परस्परपूरक समजले जात. विधीमुळे ज्येष्ठ-कनिष्ठ, राजा-प्रजा हे भेद राखले जातात, तर संगीतामुळे त्यांच्यात सौमनस्य नांदते. काव्य, विधी आणि शेवटी संगीत अशा क्रमाने माणसाची जडणघडण पूर्ण होते, असे कन्फ्यूशसचे मत होते. छी राज्यात ‘शाव’ नावाचे प्राचीन संगीत ऐकून तीन महिने त्याला मांसाची चव जाणवली नाही, अशी नोंद त्याच्या वचनसंग्रहात आढळते. शाव हे सुंदर व सात्त्विकही, तर राजा वू याच्या विजयाचे संगीत सुंदर असूनही पूर्णतः सात्त्विक नाही, असा भेद तो करी. चंग राज्याचे संगीत उच्छृंखल म्हणून त्याने त्याज्य ठरविले. सम्राटालाच विहित असलेले आठ रांगांचे नृत्य एका सरदार घराण्याने करविले, तेव्हा त्याने त्याचा तीव्र निषेध केला.

या विचाराला विरोधही झाला. मो-त्झू (इ. स. पू. पाचवे शतक) याने दरबारी संगीताचा खर्च उपाशी प्रजेवर पडतो, असा आक्षेप घेतला. तो निराधार नव्हता : हूपे प्रांतात १९७८ मध्ये उत्खनन झालेल्या, त्याच शतकातील एका राजाच्या थडग्यात ६५ कांस्यघंटा सापडल्या. श्युन-त्झू (इ. स. पू. तिसरे शतक) याने मो-त्झूला उत्तर दिले. भावना रोखता येत नाहीत; त्यांना योग्य वळण न लावल्यास अनाचार माजतो, असा त्याचा युक्तिवाद होता. पुढे शी खांग (इ. स. तिसरे शतक) याने सुखदुःख ध्वनीत नसून श्रोत्याच्या मनात असते, असे सांगून या सिद्धांताच्या मुळालाच हात घातला.

तरीही ही परंपरा टिकली. १११६ मध्ये सुंग सम्राटाने कोरियाला विधिसंगीताची वाद्ये पाठविली. सोल येथील कन्फ्यूशस-मंदिरात ते संगीत आजही वर्षातून दोनदा वाजविले जाते.