शब्द वाटेंत कोठें हरवतो?

यवतमाळ, वणी, पुसद येथील कित्येक घरांतील मुलें आज परगांवीं आहेत. त्यांच्याशीं इंटरनेटवरून बोलतांना शब्द तुटले, कीं आपण कंपनीस बोल लावून मोकळे होतों. वस्तुतः आवाज लहान लहान पाकिटांनीं जातो. तीं कोठें गळतात हें घरींच पाहतां येतें.

संगणक वायरनें राउटरला जोडून, १९८३ सालीं माइक मूस यांनीं रचिलेल्या ‘पिंग’ आज्ञेनें त्याजकडे १०० पाकिटें धाडावीं. जितकीं उत्तरें परतणार नाहींत, तितकी गळती. ती येथेंच दिसल्यास वायर किंवा राउटर सदोष समजावा. केवळ वायफायवर दिसल्यास राउटर उंच, मोकळ्या जागीं ठेवावा. घरांत सर्व सुरळीत असून बाहेरच्या पत्त्यावरच पाकिटें हरवत असतील, तर ते आंकडे वेळेसह टिपून तक्रार करावी. नुसत्या कुरकुरीपेक्षां असा कागद अधिक बोलतो, असें आम्हांस वाटतें.